निरभ्र रात्रीचा अंदाज

शरदाच्या आरंभी सपाट, शेतीच्या मुलखासाठी हवामानाचे जे मोसमी अंदाज निघतात, त्यांच्याइतके मिळमिळीत गद्य क्वचितच वाचायला मिळत असेल. तापमान सरासरीपेक्षा किंचित अधिक राहण्याची शक्यता ४० टक्के, पाऊस सरासरीच्या आसपास, बाकी सारे सामान्य, एवढ्यावर ते आटोपतात. वादळाच्या इशाऱ्यातली धास्ती त्यांत नसते आणि डोंगराळ भागांच्या अंदाजात येतात तसे कडे, उतार, खिंडीही नसतात. तरीही हे अंदाज मी आवडीने वाचतो, कारण त्या मोसमातली सर्वांत मोठी गोष्ट त्यांच्यातून जवळजवळ नेहमीच निसटलेली असते.

त्या ४० टक्क्यांचेच पाहा. मागील ३० वर्षांच्या नोंदी, सध्या बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० या काळातल्या, चढत्या क्रमाने लावून त्यांचे तीन सारखे भाग करतात: थंड, मधला आणि उबदार. काहीच ठाऊक नसेल तर प्रत्येक भागाच्या वाट्याला सुमारे ३३ टक्के येतात. म्हणजे उबदार भागाला ४० टक्के देणारा अंदाज पारडे जरासे झुकले आहे, एवढेच सांगतो आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्याचे पीक अजून शेतात उभे आहे त्याला तीन महिन्यांच्या सरासरीशी काय करायचे? पहिली मारक थंडी कोणत्या रात्री येईल, हे त्याला हवे असते. आणि उबदार म्हणून नोंदल्या गेलेल्या मोसमातही अशी एखादी रात्र सुखेनैव सामावून जाते.

मध्यम अक्षांशांवर अशा रात्री नेमक्या याच सुमारास जमू लागतात, याचे कारण सूर्याच्या वेळापत्रकात आहे. दिवसाची लांबी सर्वांत झपाट्याने बदलते ती संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असण्याच्या दिवसाच्या आसपास, उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या मागेपुढे. ४० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात दिवस तेव्हा रोज सुमारे तीन मिनिटांनी आखडतो. दुपारी उन्हात अजून चटका असतो, पण आठवड्यागणिक रात्रीला वीसेक मिनिटे जास्त मिळतात आणि ती सारी मिनिटे जमीन निवण्यातच जातात. समुद्रापासून दूर असलेल्या मैदानात हवा कोरडी असते आणि उष्णता धरून ठेवणारे पाणीही जवळ नसते. त्यामुळे दुपार आणि पहाट यांच्या तापमानात वीस अंशांचे अंतर पडले, तरी तेथे त्याची कोणी बातमी करत नाही.

जमीन निवते ती आपली उष्णता आकाशाकडे फेकून, आणि ढग असतील तर तिच्यातली बरीचशी परत तिच्याकडे येते. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यामागे अगदी साधे प्रयोग होते. खांबांवर टेकवलेल्या फळीच्या वर आणि खाली लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवून रात्रीत कोणावर किती दव साचले, हे तो तोलून पाही. उघड्या आकाशाखालचा पुंजका दर वेळी जड भरे. वस्तू आधी थंड होते आणि मग तिच्यावर दव साचते, हा क्रम त्याने पक्का केला. वैद्यकी सांभाळून रात्री लोकर तोलत बसणाऱ्या या गृहस्थाबद्दल मला विशेष आदर आहे.

सपाट म्हटलेला मुलूख त्या दृष्टीने सपाट नसतोच. थंड हवा जड असते. ती अगदी मंद उतारावरूनही ओघळते आणि डोळ्यांना न जाणवणाऱ्या खोलगट भागात साचून राहते. सूर्यास्ताला जमिनीलगतचा वारा पडतो, पण काही शे मीटर उंचीवर तो उलट जोर धरतो. अशा संध्याकाळी एखाद्या धुराड्यातला धूर सरळ वर चढतो आणि ठरावीक उंचीवर पोचताच आडवा पसरतो, कारण तिथपासून वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते. फळबागांतून उंच खांबांवर जे मोठे पंखे बसवतात, ते वरची ही ऊबच खाली ढवळून आणतात. काही जण झाडांवर रात्रभर पाणी फवारतात. गोठताना पाणी ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते आणि तेवढ्यावर कळ्या तग धरतात. फवारा मध्येच थांबला तर मात्र फायद्याऐवजी नुकसान होते.

अंदाजातला किमान तापमानाचा आकडा यांपैकी कशाचाच नसतो. तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा, जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवरचा असतो. निरभ्र आणि निवांत रात्री गवताच्या पात्यावर त्याहून चारपाच अंश कमी भरू शकतात, म्हणून पेटीत तीन अंश असतानाही शेतात दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडलेले दिसते. त्या आकड्याहून मला दुपारचा दवांक अधिक उपयोगी वाटतो. रात्री हवा निवत निवत दवांकाला पोचली की दव धरू लागते, त्यातून उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. म्हणून बाहेरून नवी हवा येणार नसेल, तर दुपारचा दवांक हाच पहाटेच्या किमान तापमानाचा कच्चा अंदाज मानण्याची जुनी रीत आहे. दवांक शून्याच्या खाली, वारा पडलेला आणि आकाश स्वच्छ, या तीन गोष्टी जुळल्या की मोसमी निवेदन काही म्हणो, पीक झाकायला निघावे.

हे तिन्ही योग फार आधी सांगता येत नाहीत. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झने १९६३ साली दाखवल्याप्रमाणे आरंभीची बारीकशी चूकही वातावरणाच्या गणितात वाढत जाते, आणि त्यामुळे दिवसनिहाय अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांवर येऊन थांबते. दोनतीन दिवस आधी मात्र ते पुष्कळच नेमके सांगता येतात. माझी तक्रार आहे ती त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या चित्रांबद्दल. वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या रात्रीसमोर प्रसन्न चंद्रकोर आणि दोन चांदण्या काढलेल्या असतात, आणि ज्या रात्री पीक निर्धास्त राहणार असते तिच्यासमोर करड्या रंगाचा उदास ढग.