आमची वाटचाल : 'हसा' न म्हणता काढलेले फोटो

वडिलांनी पुण्याच्या कसब्यातला स्टुडिओ पासपोर्ट आणि लग्नांच्या फोटोंवर उभा केला. माणसं त्यांच्या घरात, कामाच्या जागी, पोज न देता टिपायचं, म्हणजे 'कँडिड' काम मी सुरू केलं. पहिली ऑर्डर तांबट आळीतल्या एका काकांची. घंगाळ मठारताना, म्हणजे तांब्यावर हातोडीने ठोके उठवताना, ठोक्यावर ठोका सारखा पडावा लागतो, त्यात कॅमेऱ्याचं भान राहत नाही. मध्येच ते हातोडी टेकवून घंगाळ उजेडाकडे फिरवत आणि डोळे बारीक करून मठार तपासत. तो फोटो त्यांनी दुकानात लावला, आणि दरवर्षी दिवाळीआधी मला बोलावत राहिले.

कॅमेरा निकॉन एफएम२, १९८२ सालचं मॉडेल. शटर पूर्ण मेकॅनिकल. सेल संपला तर फक्त उजेड मोजणारा मीटर बंद. ३५ एमएम लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ वर, फोकस ३ मीटरला, की साधारण २ ते ७ मीटर सगळं शार्प. फोकस शोधण्यात क्षण जात नाही. अंधाऱ्या खोलीत एचपी५ हा ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल १६०० ला पुश करायचा, म्हणजे १६०० चा समजून वापरायचा आणि जास्त वेळ डेव्हलप करायचा. ग्रेन (फोटोत दाणे) येतो, येऊ दे. फ्लॅश मारला की माणूस सावध होतो.

मग डिजिटल आलं, आणि समोर नवं दुकान. करिझ्मा अल्बम (डिजिटल डिझाइन केलेली छापील पानं), निम्मे दर. माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा त्यांनी नेला. गिऱ्हाइकांना सांगितलं, यांच्या फोटोत लोक कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत! त्या लग्नसराईत आमची एकही तारीख लागली नाही. डार्करूम भाड्याने दिली, निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र, एन्लार्जर, विकायला काढलं. काकांना कळलं, तसे ते आळीतल्या घराघरांचे फोटो काढायचं काम आणि आगाऊ पैसे घेऊन आले. एन्लार्जर वाचलं. पुढे त्याच दुकानाने 'कँडिड स्पेशालिस्ट' असा बोर्ड लावला. नवरीला "तिकडे बघून हस" सांगून काढलेला फोटो कँडिड कसा? हे मला आजही खुपतं.

नव्या मुलांनो, चोरून फोटो काढू नका; विचारा, मग चहा घ्या, कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. खिडकीचा उजेड बघून स्वतः हला, माणसाला हलवू नका. मध्येच स्क्रीन दाखवू नका, माणूस केस सावरायला लागतो. आणि क्लिक झाल्यावर कॅमेरा खाली घेऊ नका. 'झालं' असं वाटून माणूस सैल होतो, खरा चेहरा तेव्हा मिळतो.

आता बुकिंग लेक बघते. एका दिवशी एकच घर घेतो, आणि दरात घासाघीस करत नाही.