इटलीचे काका परत गेले, सोलापूरच्या ताईंनी मत दिलं

४ जुलै २०२४, गुरुवार, ब्रिटनची पार्लमेंटची निवडणूक. लंडनच्या पश्चिमेला एका चर्चच्या हॉलमध्ये मी पोल क्लार्कच्या ड्युटीवर होतो. माझी रोजची नोकरी वेगळी, पण निवडणुकीच्या दिवसापुरती बाहेरची माणसं घेतात आणि इथे काम करायचा हक्क असला की झालं, ब्रिटिश पासपोर्टच पाहिजे असं नाही, म्हणून नाव दिलेलं. मतदान सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी वगैरे काही नसते, लोक ऑफिसला जाता जाता, कुत्र्याला फिरवता फिरवता मत टाकून जातात.

ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही. सातच्या आधी प्रिसायडिंग ऑफिसर बाईंनी रिकामी पेटी सगळ्यांना दाखवून सील केली आणि आम्ही बसलो, समोर छापील यादी, एक पट्टी आणि पेन्सिल. माणूस नाव पत्ता सांगतो, फोटो आयडी दाखवतो (आयडीची सक्ती इंग्लंडात पार्लमेंटच्या सार्वत्रिक निवडणुकीला पहिल्यांदाच होती), मी यादीवर पट्टी सरकवत नाव शोधायचं, नंबर आणि नाव मोठ्याने वाचायचं, शेजारची क्लार्क तो नंबर मतपत्रिकेच्या नंबरासमोर लिहिते, मग मतपत्रिका हातात, आडोशाला जाऊन पेन्सिलीने फुली मारायची, घडी घालून पेटीत. इतकं साधं, आणि दिवसभर तेच चालू.

दुपारनंतर एक काका आले. साठीच्या आसपासचे, मूळचे इटलीचे, पंचवीसेक वर्षं याच भागात, पोरं इथल्याच शाळेत शिकली, टॅक्स इथेच भरला. आयडी बरोबर, नाव यादीत होतं, पण नावापुढे एक अक्षर छापलेलं. म्हणजे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या निवडणुकीत मत देता येईल, पार्लमेंटच्या नाही. मी प्रिसायडिंग ऑफिसरना बोलावलं, त्यांनी शांतपणे यादी दाखवून समजावलं. काकांना वाटलं हे ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे झालं, पण तसं नाहीये, युरोपियन युनियनच्या नागरिकांना इथे पार्लमेंटसाठी मत कधीच नव्हतं, फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना आहे. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतातसुद्धा हे काका मत देऊ शकले नव्हते, ज्या प्रश्नावर त्यांचं अख्खं आयुष्य टांगलेलं होतं त्याच प्रश्नावर! ते काही बोलले नाहीत, बायकोचं मत देऊन होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिले. बायको इंग्लिश.

ते दोघं दारात असतानाच एक मुलगी आत आली, अंगावर नर्सचा युनिफॉर्म. पत्ता सांगताना माझ्या बॅजवरचं नाव वाचलं आणि एकदम मराठीत, "दादा, माझा इंडियन पासपोर्ट हाय, चालतंय का नक्की? पोल कार्ड आलंय घरी, पण मला वाटलं चुकून आलं असंल." सोलापूरची, इथे येऊन दोनच वर्षं झालेली, वर्क व्हिसावर. म्हटलं, "चालतंय ताई, चुकून नाही आलं." बाजूला बसलेल्यांना काय बोलतोय ते लगेच इंग्रजीत सांगितलं, कारण तिथे कोणाला शंका यायला नको. इंडियन पासपोर्ट हाच तिचा आयडी, तोही मान्य आयडींच्या यादीत आहे.

याचं कारण कॉमनवेल्थ, म्हणजे ब्रिटन आणि बहुतेक त्याच्या जुन्या वसाहतींचा गट. एकेकाळी साम्राज्यातली सगळी माणसं 'ब्रिटिश प्रजा', इथे राहत असली की मताला पात्र. १९४९ च्या लंडन डिक्लरेशननंतर भारत प्रजासत्ताक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहिला आणि तो हक्क कायद्यात तसाच पुढे चालत आला. राजा आपला नाही, पण त्याच्या पार्लमेंटसाठी मत आपलं आहे. काकांना ते मिळवायचं तर दीड हजार पौंडांच्या वर फी भरून, परीक्षा देऊन, राजाशी निष्ठेची शपथ घेऊन नागरिक व्हावं लागेल.

मला त्या मुलीला मत मिळालं याचा मनापासून आनंद झाला. बाहेर पडताना म्हणाली, लोकसभेला रजा नव्हती म्हणून जाता आलं नाही, आणि परदेशातल्या साध्या भारतीय मतदाराला तिकडे स्वतः जाऊनच मत द्यावं लागतं, त्यामुळे तिचं हे आयुष्यातलं पहिलं मत. पण काकांचं मला अजूनही पटत नाही, पंचवीस वर्षं ज्या गावात राहिलो तिथला खासदार निवडायचा हक्क माणसाला हवाच, पासपोर्ट कुठलाही असो.

रात्री दहाला दार बंद, पेटीचं तोंड सील, मतपत्रिकांचा हिशोब जुळवला आणि प्रिसायडिंग ऑफिसर पेटी घेऊन मोजणीला गेल्या. तोपर्यंत एक्झिट पोल आला होता, लेबर पक्षाला ४१० जागा. खरे निकाल ४११, मतं मात्र ३४ टक्क्यांच्या आतच, कारण ६५० मतदारसंघांत जो पहिला तो जिंकला, बाकीची मतं वाया. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान सुनक राजवाड्यावर राजीनामा देऊन आले आणि राजाने लेबरचे नेते स्टार्मर यांना सरकार बनवायला बोलावलं.

इथे स्टुडंट किंवा वर्क व्हिसावर असलेल्या कितीतरी मराठी लोकांना आपल्याला इथे मत देता येतं हे माहीतच नसतं. १८ पूर्ण असतील तर ऑनलाइन नाव नोंदवा, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त मतदानाच्या १२ वर्किंग डेज आधी व्हायला हवं.