तुम्ही विचारलंत म्हणून : सॉफ्टवेअरच्या टीममध्ये माणसं किती लागतात?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे रत्नागिरी-कुडाळकडच्या कॉलेजांतली मुलं, ज्यांना कुठल्या कामासाठी अर्ज करावा ते कळत नाही. दुसरे काम देणारे : बागायतदार, रिसॉर्टवाले, पतसंस्थांचे पदाधिकारी. यांतल्या बऱ्याच जणांचं आधीचं एखादं सॉफ्टवेअर अर्ध्यावर पडलेलं असतं आणि पैसे गेलेले असतात. मुलं विचारतात, टीममध्ये कोण कोण असतं? हे विचारतात, तुमच्याकडे माणसं किती? दोघांनाही मी तेच सांगते. आकडा नंतर बघू. ‘हे आत्ता नको’ असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे, ते आधी सांगा.

मी देवगडात राहून बहुतेक आंब्याच्या धंद्याची सॉफ्टवेअर करते. या धंद्याची एक गोष्ट मला फार आवडते : तारखेवर घासाघीस होत नाही. एप्रिल-मेमध्ये कोणाला मान वर करायला फुरसत नसते आणि पाऊस लागला की हंगाम आटोपला. पॅकिंगच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर जूनमध्ये तयार झालं तर ते पुढच्या वर्षापर्यंत कोणी उघडूनही बघणार नाही. म्हणजे तारीख पक्की. पैसे ठरलेले. माणसं आहेत तेवढीच. कमी-जास्त करता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे काय काय करायचं त्याची यादी. आणि यादीला कात्री लावायची तर ती कोणाच्या तरी हातात हवी.

मोठ्या कंपन्यांत या माणसाला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये एका परिषदेत स्क्रम ही कामाची पद्धत मांडली. आज तिचं नाव घेत नाही अशी कंपनी शोधावी लागेल. त्यांच्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. आपल्याकडे सगळं अडतं ते इथेच. अध्यक्षांना रिपोर्ट रंगीत हवा असतो, उपाध्यक्षांना सभासदांना मेसेज जायला हवे असतात, आणि एखाद्या संचालकाच्या पुण्यातल्या भाच्याने ‘ॲप नसेल तर काय उपयोग’ असं सांगून ठेवलेलं असतं. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर. सगळ्यांना मान द्यायचा म्हणून सगळंच यादीत जातं आणि मार्च उजाडतो.

म्हणून काम घेताना माझी एक अट असते. तुमच्या बाजूने एक माणूस नावानिशी द्या. त्याचा शब्द अखेरचा, आणि दर आठवड्याला तासभर तो आमच्यासमोर बसेल. टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच, आणि तो माझ्या पगारावर नसतो. या अटीपायी काही कामं हातची गेली. गेली तर गेली.

त्याच्यानंतर लागतो तो काम समजून घेणारा. कंपनीत त्याला बिझनेस ॲनालिस्ट म्हणतील आणि त्याच्याकडून पन्नास पानांचा दस्तऐवज मागतील. मी म्हणते, त्याला शेडमध्ये पाठवा. एका बागायतदाराच्या मुलाने आम्हाला लिहून दिलं होतं : ‘रोज भरलेल्या पेट्या मोजायच्या.’ एका ओळीचं काम वाटलं. आमची मुलगी शेडमध्ये गेली आणि पेट्या भरणाऱ्या काकूंना विचारलं, आज किती झाल्या? काकूंनीच उलट विचारलं, “पेटी खयची? चाराची काय पाचाची?” फळ मोठं असलं की पेटीत चार डझन बसतात, लहान होत गेलं की पाच, सहा, त्याहूनही जास्त. भाव त्यावर. वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, येते तीही तशीच. नुसत्या पेट्या मोजून बागायतदाराच्या हातात काहीच पडलं नसतं.

तिने आणखी एक पाहिलं. काकू मार्करने खोक्यावर आकडा टाकतात, कारण हात पेंढ्याने आणि चिकाने भरलेले असतात. त्या हाताने फोनवर टाइप कोण करणार? मग स्क्रीनवर टाइप करण्यासारखं काही ठेवलंच नाही. चार, पाच, सहा, सात असे चार मोठाले चौकोन. दाबला की पेटी मोजली. चुकून दाबला गेला तर खाली ‘मागे’. नेट गेलं तर नोंदी फोनमध्येच राहतात, रेंज आली की वर जातात. हे दस्तऐवज लिहून सुचलं नसतं.

‘पेटी म्हणजे किती’ हा प्रश्न देवगडपुरता वाटत असेल, तर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ हरवलेलं नासाचं यान आठवा. एका बाजूचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या जोराचे आकडे पाउंडांच्या हिशेबात देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती. मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाच्या नको तितकं जवळ गेलं आणि हरवलं. दोन्हीकडची माणसं हुशारच होती.

प्रोग्रामरबद्दल मी फार बोलत नाही, ते काम सगळ्यांना ठाऊक असतं. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता माणसांचा आकडा. उशीर व्हायला लागला की गिऱ्हाईक मोठ्या मनाने म्हणतं, “आणखी दोघं घ्या, पैसे मी देतो.” फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या सिस्टिम-३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावरून त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. कारण साधं आहे. नव्या माणसाला काम समजावून द्यायला जुन्याचाच वेळ जातो. शिवाय पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात दहा, तर दहा जणांत पंचेचाळीस. तेवढ्या जागी गैरसमजाला वाव. स्क्रमवालेसुद्धा टीम साधारण दहापर्यंतच ठेवा म्हणतात. मी तर पाचाच्या पुढे गेले की अस्वस्थ होते.

या पाचांत टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर वापरून चुका शोधणारा, हवाच, आणि तो कोड लिहिणाऱ्यांपैकी नको. आपल्याकडे टेस्टिंग म्हणजे शेवटचे चार दिवस, तेही उरले तर. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड जुन्या एरियन-४ मधून जसाच्या तसा आणला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. ‘आधीच्यात चालतंय, मग इथेही चालेल’ या भरवशावर नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती तपासलीच नव्हती. हे वाक्य मला दर हंगामात कोणी ना कोणी ऐकवतं. म्हणून आमच्याकडे टेस्टरने ‘थांबा’ म्हटलं की माझ्यासकट सगळे थांबतात. तिला डावलायचं असेल तर वर सांगितलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या माणसाने लिहून द्यावं, ‘ही चूक मला माहीत आहे, तरी चालू करा.’ लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकांना दोन दिवस थांबायला जमतं.

प्रोजेक्ट मॅनेजरचं काम म्हणजे वाईट बातमी लवकर सांगणं, असं माझं मत आहे. बाकीचे तक्ते कोणीही भरेल. आपला स्वभाव मुळात भिडस्त. ‘होईल हो, बघूया’ म्हणत दिवस ढकलतो आणि समोरचाही चहा पाजून ‘चालू दे’ म्हणतो. यावर उपाय म्हणून दर शुक्रवारी जेवढं झालंय तेवढं गिऱ्हाइकाच्या माणसाच्या हातात द्यायचं. त्याने स्वतः वापरायचं, आम्ही नुसतं बघायचं. अर्धवट असलं तरी चालेल, चालू स्थितीत हवं. फोनवर भीड चालते, बटण दाबून काही झालं नाही तर भिडेला जागाच राहत नाही.

हे सगळे वेगवेगळे पगार घेणारे लोक असावेत असं अजिबात नाही. शेडमध्ये गेलेली ती मुलगीच आमची टेस्टर आहे. काकूंचे हात तिने पाहिलेत, त्यामुळे फोनला ओला फडका लावून तपासायचं तिलाच सुचतं. मॅनेजर मीच, आणि सॉफ्टवेअर चालू झाल्यावर पहाटे पाचला गाडी भरताना येणारा फोनही मीच उचलते. हे फोन उचलायचं कामसुद्धा पहिल्याच बैठकीत कोणाच्या तरी नावावर लिहायचं असतं. ते कोटेशनमध्ये नसतं आणि मग हंगामभर कोणाचंच नसतं.

कशासाठी अर्ज करू, असं विचारणाऱ्या मुलांना मी टेस्टिंग सांगते. त्यांचे चेहरे पडतात, त्यांना कोड लिहायचा असतो. लिहा की. पण आधी वर्षभर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मोडून बघा, आणि आमच्याकडे यायचं असेल तर एप्रिलमध्ये या. सुरुवातीला पेट्या भरायला लावीन.