तुम्ही विचारलंत म्हणून: शेजाऱ्याच्या भांडणात फौज

पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं चहाच्या गाड्यावर मला हमखास गाठतात. "सर, शेजारी एवढा गोंधळ चाललाय, आपण सरळ फौज का घुसवत नाही?"

घुसवली होती. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जवळपास एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले, तेव्हा. डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध संपलं आणि मार्च १९७२ पर्यंत फौज परतलीसुद्धा. मालदीवमध्येही नोव्हेंबर १९८८ ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हाक दिली आणि आपले पॅराट्रूपर त्याच रात्री उतरले.

शेजाऱ्याच्या भांडणात शेजारीच पडतो, कारण आगीचा धूर त्याच्याच घरात शिरतो. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारातले मारेकरी काँगोच्या छावण्यांत जाऊन बसले, म्हणून रवांडाची फौज तिकडे घुसली. पुढे अंगोला, झिम्बाब्वे, नामिबिया काँगोच्या बाजूने उतरले. व्हिएतनामने जानेवारी १९७९ मध्ये शेजारच्या कंबोडियातली हुकूमशहा पोल पॉटची राजवट उलथवली. काम मोठंच केलं, पण त्यांची फौज कंबोडियात दहा वर्षं अडकून पडली.

म्हणून मी पोरांना आधी विचारतो, बोलावलं कोणी? आणि बोलावणारा उद्या खुर्चीत असेल का?

आमचे थोरले चुलते, आबा, भारताच्या शांतिसेनेत श्रीलंकेला होते. ज्या करारामुळे ही सेना गेली, तो जुलै १९८७ चा करार तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारताशी केला होता. आबा सांगतात, तमिळांच्या जाफन्यात ताडाच्या झावळ्यांची कुंपणं होती. एक म्हातारी रोज विहिरीचं पाणी शेंदून त्यांची बादली भरायची. ऑक्टोबरात वाघांशी, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी, लढाई जुंपली. त्या दिवाळीत आबा बादली घेऊन गेले, तर तिनं दार लावून घेतलं. तिचा राग मला समजतो. ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याच गल्लीत तोफा चालल्या होत्या. इकडे कोलंबोत सरकारचा सूर बदलला. १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला निघून जायला सांगितलं. म्हणजे तमिळांनाही आपण नको झालो आणि सरकारलाही. हे मला आजही लागतं.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान तिकडेच कामी आले. आबांना औषधाची वेळ आठवत नाही, पण पलटणीतली जी पोरं परतली नाहीत त्यांची नावं ते अजून गावासकट सांगतात. हा गडहिंग्लजचा, तो आजऱ्याचा.