फाउलिंग मार्कच्या आत

आमचे नाना चाळीसगावला रेल्वेत पॉइंट्समन होते. धुळ्याकडची लाइन जिथून फुटते त्या यार्डात त्यांची सगळी नोकरी झाली. लहानपणी डबा घेऊन गेले की ते मला रुळांच्या मधला एक पांढरा ठोकळा दाखवायचे. फाउलिंग मार्क. दोन लाइनी जिथे एकमेकींजवळ येतात तिथे तो असतो. लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनीवर, घेतलेल्या गाडीचा शेवटचा डबा त्या ठोकळ्याच्या आत आला नाही, तर मेन लाइनवरून येणारी गाडी त्याला घासणार. "इंजिनाकडे सगळेच बघतात बेटा, तू शेवटचा डबा बघ," असं म्हणायचे.

मी गेली अकरा वर्षं युरोपातल्या एका उपग्रह कंपनीत काम करते. कोणता उपग्रह नेमका कुठे आहे, उद्या कुठे सरकेल, त्याला परत जागेवर आणायला किती इंधन जाळायचं, याचं गणित आमच्या टीमकडे असतं. एका मार्चमध्ये आम्ही एका सतरा वर्षं जुन्या उपग्रहाला निवृत्त केलं. चार दिवसांचं काम होतं, पण मला आठवते ती चौथ्या दिवसाची पहाट.

गच्चीवरची डिश एकदा लावली की पुन्हा हलवावी लागत नाही, कारण तिच्यासमोरचा उपग्रह पृथ्वीच्या वेगानेच फिरत असतो. हे फक्त विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर जमतं. अशी पट्टी एकच. तिथे हवा नाही, त्यामुळे मेलेला उपग्रह कधी खाली येऊन जळून जात नाही, तो तिथेच राहतो. आणि एका जागी राहत नाही. विषुववृत्त अगदी गोल नसल्यामुळे सुटलेले उपग्रह दोन ठिकाणांकडे ओढले जातात. एक १०५ अंश पश्चिम, दुसरं ७५ अंश पूर्व. ७५ अंश पूर्व म्हणजे जवळजवळ आमच्या चाळीसगावचंच रेखावृत्त. काही मृत उपग्रह त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे लंबकासारखे हेलकावे घेत राहतात, आणि प्रत्येक हेलकाव्यात चालू उपग्रहांच्या जागांमधून जातात. नानांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आकाशाकडे बघत बसले होते.

म्हणून शेवटचं इंधन राखून ठेवायचं आणि उपग्रहाला वर ढकलायचं, इतकं की तो पुन्हा पट्टीत उतरणार नाही. अवकाश संस्थांच्या आंतरराष्ट्रीय समितीचं सूत्र आहे: किमान २३५ किलोमीटर, शिवाय सूर्यप्रकाशाच्या रेट्यासाठी उपग्रहाच्या आकार-वजनाप्रमाणे भर. आमचा आकडा आला २७५. आम्ही ३०० धरले. त्याला साधारण साडेसात किलो इंधन लागणार होतं.

पण तेवढ्याच इंधनावर उपग्रह जागेवर धरून आणखी जवळपास तीन महिने चालवता येतो. त्यामुळे वाद ठरलेलाच. ग्राहक होते, पैसे येत होते, "अजून एक तिमाही काढू" असं व्यवसाय विभागाचं म्हणणं. आमच्या हिशेबाप्रमाणे टाकीत चौदा किलो शिल्लक होते, मग अडचण काय?

अडचण त्या चौदा या आकड्यातच होती. घरी गॅस संपत आला की आपण सिलिंडर हलवून बघतो. वर वजनच नाही, तर हलवून कळणार काय? इंधन टाकीच्या भिंतींना चिकटून असतं. मग सतरा वर्षांत झडप कितीदा आणि किती सेकंद उघडली ते मोजत एकेक ग्रॅम वजा करायचं, किंवा टाकीतला दाब आणि तापमान घेऊन अंदाज बांधायचा. दोन्ही रीतींत चूक वाढत जाते. आमच्या चौदात सहा किलो इकडे किंवा तिकडे असू शकत होते. म्हणजे कदाचित आठच.

बैठकीत मी एक जुनं प्रकरण मांडलं. अमेरिकेतल्या एका कंपनीचा उपग्रह २०२२ मध्ये ३०० किलोमीटर वर न्यायचा होता. इंधनाचा अंदाज चुकला आणि तो १२२ वरच राहिला. पुढच्या वर्षी तिथल्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने दीड लाख डॉलरचा दंड केला. दंड ऐकून कुणी फारसं हललं नाही. १२२ ऐकून आमचे प्रमुख मात्र गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी तारीख ठरली. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे.

एका झटक्यात उपग्रह वर नेता येत नाही. एका बाजूला थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाची छोटी इंजिनं, चालवले की कक्षेची समोरची बाजू उचलली जाते. बारा तासांनी तिथे पोचल्यावर पुन्हा चालवायचे, मग अलीकडची बाजू उचलली जाते. आम्ही चार जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला ७५ किलोमीटर, प्रत्येक वेळी थ्रस्टर दोन मिनिटं आणि दहा-अकरा सेकंद. मधे इंधन संपलं तर एक बाजू वर आणि एक खाली असा लंगडा उपग्रह मागे राहतो.

सहा वेळा सगळं सुरळीत झालं. सातव्या वेळी एका थ्रस्टरच्या तापमानाची रेघ दोन सेकंद खाली आली आणि परत सावरली. खोलीत कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. इंधन ढकलायला टाकीत जो हेलियम वायू असतो, त्याचा बुडबुडा नळीत आला होता. टाकी तळाला गेली होती. चौदा किलो नव्हतेच.

आता समोरची बाजू ३०० वर होती आणि अलीकडची २२५ वर. आमच्या फाउलिंग मार्कच्या, म्हणजे २७५ च्या, बाहेर, पूर्ण पन्नास किलोमीटर. पुढचे बारा तास वाट बघण्याखेरीज करण्यासारखं एकच होतं. थ्रस्टर अडखळले की उपग्रह तिरका होतो, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा तिरका झाला की त्यावरचा संगणक स्वतःच सगळं बंद करतो. आम्ही ती मर्यादा सैल केली. मी गणित करून ठेवलं: पूर्ण जोर मिळाला तर ८७ सेकंदांत २७५ पार.

पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी आठव्यांदा थ्रस्टर सुरू झाले. मी सेकंद मोठ्याने मोजत होते. सत्तरला रेघ तुटली. जोर जवळपास निम्म्यावर आला, उपग्रह कलायला लागला. ८७ आले आणि गेले, आता त्या आकड्याला अर्थ नव्हता. माझा आवाज बसत चालला होता तरी मोजत राहिले. ११८ ला उपग्रहाने स्वतःच थ्रस्टर बंद केले.

नेमकी कक्षा कळायला अंतरं पुन्हा पुन्हा मोजावी लागतात, त्यात सहा तास गेले. कुणी घरी गेलं नाही. आकडा माझ्याच पडद्यावर आला. सर्वांत खालची बाजू, पट्टीच्या वर २८१ किलोमीटर.

खुर्चीत बसल्या बसल्या मला रडू आलं. तीन महिने आणखी चालवला असता तर हा उपग्रह जागचा हललाच नसता.

उरलेलं काम शांतपणे झालं. झडपा उघडून टाक्यांमधलं शेवटचं इंधन आणि वायू सोडून दिले, कारण दाबाखालची टाकी वर्षांनंतरही फुटू शकते, आणि एका उपग्रहाचे शेकडो तुकडे होऊ शकतात. बॅटरीचं चार्जिंग तोडलं. मग ट्रान्समीटर बंद करण्याची आज्ञा राहिली. ती मी पाठवावी असं सगळे म्हणाले. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर त्याच्या सिग्नलचा उभा सुळका दिसत होता, मी नोकरीला लागले त्या दिवसापासून पाहिलेला. मी कळ दाबली. आज्ञा वर जाऊन उत्तर खाली यायला पाव सेकंद लागतो. सुळका खाली बसला, आणि उरली नुसती खरखरीची सपाट रेघ. नोंदवहीत वेळ लिहिली, खाली सही केली.

बाहेर येऊन नानांना फोन लावला. तिकडे दुपार टळून गेली होती.

"घेतली का लूपला?"

"घेतली नाना."

"शेवटचा डबा?"

"मार्कच्या आत. सहा किलोमीटर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"पुरे," ते म्हणाले. "आता मागच्या गाडीला लाइन द्या."