काळी दोनचे बुवा

आमच्या पंचक्रोशीत भजनाला बसणाऱ्या कुणालाही विचारा, थोरले बुवा पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी 'सा' धरून, गायचे असंच सांगेल. पुरुषाचा छातीतला मोकळा आवाज, तोही पांढरी चारमध्ये, आणि वर तार मध्यमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'म'वर, लांबलचक ठहराव! बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आता थोडीच उरलीत. बाकीच्यांनी ऐकली आहे ती त्यांची एकुलती एक कॅसेट, ऐंशीच्या दशकात सप्त्याच्या रात्री देवळात भरलेली. तिच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, पुढे कुणीतरी ती मोबाइलवर चढवली. आज आमच्याकडचे नवे बुवा घडतात ते त्या टेपवर.

बुवा पांढरी चारमध्ये गात नव्हते, काळी दोनमध्ये गायचे, म्हणजे दोन अर्धे सूर खाली. हे आता मला नक्की कळलंय, आणि त्याचं करायचं काय या विचाराने डोकं भणभणतंय.

मी कुडाळ तालुक्यात भजनाचा वर्ग चालवतो आणि पेट्या दुरुस्त करतो. लोकांना वाटतं भजनी बुवा म्हणजे डबलबारीचा, दोन बुवांच्या सामन्याचा, मंच, समोर हजारभर माणूस आणि गजराला टाळ्या. तसे दिवस वर्षातून थोडेच. गणपतीत रात्रभर घरोघर फिरायचं, प्रत्येक घरी उसळ आणि चहा, त्या तेलकट घशाने पुढच्या घरी पुन्हा वरचा षड्ज, म्हणजे 'सा', लावायचा. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या कागदाला बुरशी धरते, पखवाजाची शाई भुगा होऊन निघते. जूनपासून माझा अर्धा दिवस पट्ट्या घासण्यात जातो.

वर्गात एक पोरगा आहे. गळा गुणी, शब्द स्वच्छ, पण पांढरी चारचा हट्ट. अभंगात तार गंधाराच्या पुढे गेला की आवाज फाटतो, मानेच्या शिरा टरारून फुगतात. मी पट्टी उतरवली की तोंड पाडतो. "बुवा, टेपीत थोरले बुवा हयसरच गातत. माकाच जमणा नाय." हे मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकलंय. दोघांचे गळे तर कायमचे गेले. त्यातला एक आता नुसती झांज वाजवतो.

मूळ कॅसेट माझ्याकडे आली ती बुवांच्या भजनी मंडळाकडून. पुण्यतिथीला ध्वनिमुद्रण 'साफ करून' वाजवायचं होतं. ज्या चाकरमान्याने ते भरलं होतं, त्याच्या घरच्यांनी मुंबईहून कॅसेट पाठवली. नव्वद मिनिटांची, म्हणजे बाजूला पंचेचाळीस. या कॅसेटची फीत साठ मिनिटांवालीपेक्षा पातळ असते, ओढली की ताणते. कडेवर पांढरी बुरशी आलेली, आणि फितीला मागून टेपच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, दाबून धरणारा पत्र्याच्या कमानीवरचा नमद्याचा तुकडा गळून पडलेला. तो नसेल तर फीत डोक्याला नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पाच स्क्रू काढून दोन्ही चाकं फितीसकट नव्या डबीत बसवली, बुरशी मऊ ब्रशने झटकली, फीत हळू एकदा पुढे, एकदा मागे गुंडाळली. मग डोक्याच्या बाजूचा बारीक स्क्रू. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं डोकं जेवढं कललेलं असेल तेवढंच वाजवणाऱ्याचं कलायला हवं, नाहीतर वरचे सूर मरतात. कान झांजेवर ठेवून स्क्रू अगदी तीळभर फिरवत जायचं. एका जागी झांज एकदम उघडते. तिचा काठ ऐकू येतो, दोन पितळा एकमेकींवरून सरकल्याचा आवाज ऐकू येतो. मोबाइलवरच्या प्रतीत झांज म्हणजे नुसती खसखस होती. हे काम कुणी शिकवत नाही आणि कुणी त्याचे पैसेही देत नाही. 'साफ करणं' म्हणजे संगणकात बटण दाबून खरखर पुसणं, असाच सगळ्यांचा समज असतो.

झांज उघडली, आणि पेटीही उघडली. मी स्वतःच्या पेटीवर सूर शोधायला लागलो. पहिल्या बाजूला रूपाच्या, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या, अभंगात षड्ज काळी दोनच्या जरा वर होता, कुठल्याच पट्टीवर नीट बसेना. बाजू संपेपर्यंत तो पांढरी तीनपर्यंत आला. दुसऱ्या बाजूला गौळणीत आणखी वर, आणि शेवटच्या गजरात बरोब्बर पांढरी चार. सगळीकडे नक्कल होते ती या गजराचीच.

गाणारा चढू शकतो, रंगात आला की चढतोच. पण पेटी चढत नाही. पितळेची जीभ जेवढी कापली तेवढाच तिचा सूर. इथे एकाच अभंगात, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पेटीच तसूतसूने वर सरकत होती.

त्या रात्री देवळात वीज नव्हती, गॅसबत्त्यांवर भजन झालं, हे जुनी माणसं सांगतात. टेप चालला तो मोठ्या सेलवर. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने सरकते. सेल उतरत गेले, मोटार मंदावली, फीत हळू सरकत भरली गेली. ती घरी पूर्ण विजेवर लावली की सगळंच जलद वाजतं. लय वाढते, सूर चढतो, आवाज कोवळा होतो. काळी दोन ते पांढरी चार म्हणजे दोन अर्धे सूर, चालीत शेकडा बाराचा फरक.

पण हा झाला तर्क. बुवांनी मध्येच पट्टी बदलली असती तर? अभंगापुरते काळी दोन आणि गजराला सरळ वर, असं करणारे बुवा आहेत. मंडळींना हे सांगायचं तर पुरावा हवा. तो टेपमध्येच होता. पेटीच्या पंचमाला, म्हणजे 'प'ला, एक घरघर आहे, मधल्या सप्तकात, दर वेळी तिथेच. रूपात आहे, गौळणीत आहे, गजरातही पंचमालाच आहे. पट्टी बदलली असती तर घरघर दुसऱ्या कुठल्यातरी स्वरावर गेली असती.

बुवांची पेटी त्यांच्या घरी माळ्यावर होती. घरच्या काकींनी बजावलं, "उंदरांनी सगळो भातो खाल्ल्यानी, वाजाची नाय ती." खरंच भात्याची चाळण झाली होती. मी आतला रीडबोर्ड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांची फळी, काढला. गुजरातच्या पालिताण्याची रीड, हिरवट पडलेली, पण जागच्या जागी. माझ्या पेटीच्या भात्यावर तो बोर्ड कसाबसा बसवला, फटी जुन्या धोतराच्या पट्टीने बुजवल्या आणि एकेक पट्टी दाबत गेलो. काळी पाचवर आलो आणि तीच घरघर. बाहेर काढून उजेडात धरलं तर जीभ केसभर तिरकी झालेली, खाचेच्या एका कडेला घासत होती. काळी पाच पंचम, म्हणजे षड्ज काळी दोन. दुसरं काही असूच शकत नाही. ती जीभ सरळ करायला मला मिनिटभर लागलं असतं. मी ती तशीच ठेवली आहे.

मग टेप त्या पेटीला लावला. मोबाइलच्या ट्यूनरला नाही, त्या पेटीला. तिची काळी दोन आजच्या मापाने किंचित उतरलेली आहे आणि बुवा गायले ते तिच्याच बरोबर. ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये चाल आणि सूर दोन्ही एकत्र उतरवले, थोड्या थोड्या तुकड्यांत, कारण घसरण सारखी नव्हती. सेल आधी बराच वेळ टिकतात आणि मग भराभर बसतात. आजकाल मुलं ॲपवर नुसती पट्टी बदलतात आणि लय तशीच ठेवतात, त्याने गाणं सुधारत नाही, दुसऱ्यांदा बिघडतं. दुसरी बाजू काही मिनिटांनी लांबली. इतकी वर्षं दाबून ठेवलेला वेळ तो.

आणि काय गाणं निघालं त्यातून! तार मध्यम काही कमी झाला नाही, फक्त त्याला अंग आलं. आवाज भरदार, जरासा नाकातला, पन्नाशीच्या माणसाचा. अभंगाच्या दुसऱ्या चरणाआधी बुवा थांबतात, तो थांबा जलद टेपवर जाणवतच नव्हता. शब्द टाकून ते पखवाजाला जागा देतात, तो आपलं बोलून झाला की मगच पुढचा शब्द उचलतात. आमच्या पिढीने हा थांबा गाळूनच त्यांची गायकी उचलली. धावणं उचललं, उंची उचलली.

काकींना ऐकवायला गेलो. मला वाटलं होतं, त्या बुवांच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलतील. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग गौळणीत एका तिहाईवर म्हणाल्या, "पखवाज माझ्या भावाचो."

मी विचारलं, आधी कधी सांगितलं नाहीत? तर म्हणाल्या, टेपीतला पखवाज कायम कुणातरी पोराने ताणून बांधल्यासारखा वाटायचा, म्हणून त्यांना वाटे दुसराच कुणीतरी बसलाय. "तेचो धा असो पोटातसून येय," असं म्हणून त्यांनी मांडीवर डाव्या हाताचा पंजा दाबून दाखवला. बरोबर होतं ते. चालीत शेकडा बारा वाढले की डाव्या बाजूच्या ओल्या कणकेचा घुमारा आधी मरतो. कॅसेटच्या डबीवर बुवांचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव. पखवाजवाल्याचं नाही. आमच्या भजनात ही जुनी खोड आहे. बॅनरवर बुवाचा फोटो चार फुटांचा, आणि ज्याच्या हातावर ते भजन उभं असतं तो 'साथीला' या एका शब्दात.

मंडळाच्या चिटणीसांनी ऐकलं आणि चेहरा उतरला. "तुम्ही बुवांचा सूर खाली आणलात. पुण्यतिथीला मुंबईहून माणसं येणार, त्यांना हे ऐकवायचं?" मी रीडबोर्ड दाखवला, घरघर ऐकवली. सगळं पटलं त्यांना, तरीही म्हणाले, "पटतंय हो, पण लोकांच्या कानात ते बसलंय." त्यांचं दुःख मला कळतं. बुवा वरच्या पट्टीत गायचे हाच त्यांचा मान होता, तो माझ्या हातून गेला. पण त्याच मानापायी मुलांचे गळे जातात हेही मी डोळ्यांनी बघतोय. एकदा हे कळल्यावर जलद टेपच पुढे चालू ठेवणं मला लबाडी वाटते.

पोराला मात्र मी दुरुस्त केलेलं ऐकवलं, गजरासकट, आणि पेटी काळी दोनवर ठेवून तोच गजर म्हणायला लावला. पहिल्यांदा धावला. थांबा कुठे घ्यायचा ते हाताने दाखवलं. पखवाज बोलून झाल्यावर त्याने शब्द उचलला आणि तार मध्यम न फाटता लागला. माझ्याकडे बघून म्हणाला, "पण डबलबारीत समोरचो बुवा पांढरी चारात इलो तर?" त्याची भीती खोटी नाही. उंच पट्टी लागली की आमच्याकडचं पब्लिक लगेच डोक्यावर घेतं, थांब्याला कुणी टाळी देत नाही.

मंडळाला मी दोन्ही प्रती दिल्यात, कुठली वाजवायची ते त्यांनी ठरवावं. गजराचा शेवटचा तुकडा अजून नीट बसलेला नाही. तिथे सेल इतके बसलेत की सूर क्षणाक्षणाला हलतो, तो पेटीच्या एकेका स्वरावरून पुन्हा मोजायचाय. काकींच्या भावाचं पूर्ण नाव मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय, आणि माझ्या प्रतीवर ते बुवांच्या नावाशेजारी, त्याच अक्षरांत घातलंय. चिटणीस म्हणतात, आता मध्येच नवीन नाव कशाला. ते मी काढणार नाही.