ओंडका घेऊन दुकानात

रात्रीच्या वादळात झाड आडवं झालं होतं आणि रस्ता बंद होता. वाळकं, कठीण लाकूड. बुंध्याचा व्यास साधारण 55 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागलेली आणि हॉर्न चालू. असल्या कामाला मी एरवी माझं जुनं 59 सीसीचं चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, काढलं असतं. पण त्याच्या क्रँकचं बेअरिंग गेलं होतं, आणि ‘त्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत’ असं सांगून दुकानदाराने नवं गळ्यात मारलं होतं. 50 सीसी, 45 सेंटिमीटरचा बार, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी. “वजनाला हलकं, पेट्रोल कमी, धूर कमी, आणि ताकद तेवढीच,” असं म्हणाला होता. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या निघाल्या.

फांद्या त्या मशीनने झरझर उतरवल्या. बुंध्याला लागलो आणि खेळ सुरू झाला. बार निम्मा आत जाईपर्यंत ठीक चालायचं. पूर्ण बुडाला की आवाज घोगरा होत खाली यायचा आणि चेन जागीच थांबायची. इंजिन चालू, क्लच घसरतोय, जळका वास येतोय. वर उचला, रेस द्या, पुन्हा टेकवा, पुन्हा तेच. काप मिटत होता म्हणावं तर तसंही नाही, पाचर मारलेली होती. कापात सारखं बसणारं मशीन नुसतं वेळखाऊ नसतं, धोक्याचंही असतं. माणूस वैतागून अंगाचा भार टाकायला लागतो, आणि लाकूड अचानक सुटलं की तोल जातो.

तिथूनच दुकानात फोन लावला. पलीकडून प्रश्नांची ठरलेली माळ सुरू झाली. “पेट्रोल ताजं आहे ना?” ताजं आहे. “ऑइल किती टाकता?” लिटरला 20 मिली, म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसं पन्नासास एक. “एअर फिल्टर?” नवा, स्वच्छ. “सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल.” अहो शेठ, मशीन नवं आहे, काजळी धरायला वेळ तरी मिळालाय का? “मग चेनला धार नसेल.” धार मीच लावली होती, आणि चेनच्या दातांपुढची ठेप, म्हणजे दात लाकडात किती खोल चावेल ते ठरवणारा उंचवटा, गेज लावून बघितली होती, दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली, जेवढी हवी तेवढीच. भुसाही पिठासारखा बारीक नव्हता, चांगले छिलके पडत होते, फक्त थांबून थांबून.

या प्रश्नांतला एकही चुकीचा नाही, हीच तर पंचाईत आहे. यातल्या कुठल्याही कारणाने मशीनचा दम जातो, हे खरंच आहे. पण दुकानदार ते कारण शोधण्यासाठी विचारत नाही, दोष गिऱ्हाइकाच्या पदरात टाकण्यासाठी विचारतो. शेवटी हुकमी पत्ता पडला: “नवं आहे दादा, पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसू द्या. थोड्या टाक्या पेट्रोल जाळा, मग बघा.” रिंगा बसल्यावर कॉम्प्रेशन सुधारतं, ताकद थोडी वाढते, हे मलाही माहीत आहे. पण थोडी म्हणजे थोडीच. पूर्ण बुडालेल्या बारला चेन थांबवणारं मशीन रिंगा बसल्यावर एकदम वाघ होत नाही.

रस्ता काही माझ्या रिंगांची वाट बघणार नव्हता. ओळखीच्या एकाने त्याचं 70 सीसीचं जुनं धूड आणून दिलं. धुराचा लोट, हाताला मुंग्या येतील असा थरकाप, पण बुंधा त्याने सपासप उतरवला. गाड्या सुटल्या. मी त्याच बुंध्याचा हातभर लांब ओंडका गाडीत टाकला, नवं मशीन शेजारी ठेवलं आणि थेट दुकान गाठलं.

शेठनी मशीन हातात घेतलं, दोरी ओढली आणि हवेतच पूर्ण रेस दिली. मेकॅनिकने इंजिनचे फेरे मोजणारा टॅकोमीटर धरला. मिनिटाला तेरा हजार. “ऐका, कसं ओरडतंय! याला दम नाही म्हणता?”

हवेत तेरा हजार फिरणं म्हणजे काय मोठं? भार नसताना कुठलंही दोन-स्ट्रोक इंजिन ओरडतं. अशा मशीनची खरी ताकद साधारण साडेनऊ हजार फेऱ्यांच्या आसपास असते, आणि प्रश्न एवढाच असतो की दात लाकडात असताना ते तिथे टिकतं का. उलट मोकळं असताना फारच किंचाळत असेल तर मिश्रण पातळ असण्याची शक्यता, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तसं सतत चालवलं तर पिस्टन तापून सिलिंडरला ओरखडे पडतात. मी म्हटलं, “शेठ, लाकडात चालवून दाखवा.” ते म्हणाले, “इथे लाकूड कुठून आणू?” मी गाडीचं फळकं उघडलं.

फरशी खराब होईल, भुसा उडेल, गिऱ्हाइकं आहेत, अशी बरीच कुरकुर झाली. शेवटी दुकानाच्या मागच्या अंगणात ओंडका ठेवला, दोन्हीकडून अडकवला आणि त्यांच्याच मेकॅनिकने मशीन चालवलं. बार बुडाला, आवाज बसला, चेन थांबली. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबली. शेठ काही न बोलता आत निघून गेले.

ते पोरगं मात्र कामाचं होतं. म्हणालं, “दादा, खोक्यातून निघाली की सगळी अशीच येतात. द्यायच्या आधी लाकडात चालवून सेट करायची असतात. आम्ही फक्त स्टार्ट करून देतो.” धुराचे नियम कडक झाल्यापासून कार्बोरेटर कारखान्यातूनच पातळ मिश्रणावर लावलेले येतात, आणि स्क्रूवर टोप्या असतात, त्यामुळे ठरावीक हद्दीपलीकडे फिरवता येत नाहीत. टोपी काढली की वॉरंटी गेली. त्याने खास पान्याने एच स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, हद्दीतच, पण जाड मिश्रणाच्या टोकापर्यंत सोडला. मोकळी रेस साडेबारा हजारांवर आली, आवाजात थोडी भरभर आली, आणि ओंडक्यात टेकवल्यावर ती भरभर जाऊन आवाज स्वच्छ झाला. अगदी असंच व्हायला हवं. चेन आता लगेच थांबत नव्हती. पण रेटलं की बसत होतीच.

मग मी पुस्तक मागितलं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात तक्ता असतो, त्यात सीसीच्या खालच्या ओळीत किलोवॅट लिहिलेलं असतं. या मशीनपुढे 2.3. माझ्या जुन्या मशीनचा आकडा मला पाठ होता, 3.4. सीसीत नऊचा फरक आणि ताकदीत जवळजवळ एक तृतीयांश घट! काउंटरवर मात्र गप्पा फक्त सीसीच्या आणि बारच्या लांबीच्या. लांब बार लावला की मशीन मोठं दिसतं, एवढंच. उलट तो पूर्ण बुडाला की एका वेळी जास्त दात लाकडात, म्हणजे इंजिनवर ओझं जास्त.

नव्या इंजिनांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. नव्या रचनेत आधी नुसती हवा आत येऊन जळका धूर बाहेर ढकलते आणि मिश्रण मागून येतं, त्यामुळे कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जात नाही. उत्तम युक्ती आहे, आणि दिवसभर धुरात नाक खुपसून काम करणाऱ्याला तिची किंमत कळते. तशीच रचना असलेलं, तितक्याच 50 सीसीचं, पण रोजच्या धंद्यासाठी बनवलेलं मशीन त्याच तक्त्यात होतं: 3.0 किलोवॅट. तेवढेच सीसी, पण पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या वाटा, वेगळे, सिलिंडर वेगळा. म्हणजे दोष नियमांचा नव्हता. बागेत अधूनमधून वापरायचं मशीन रोज लाकूड तोडणाऱ्याला विकलं होतं, आणि ते विकताना मी काय काम करतो हे एका शब्दाने विचारलं नव्हतं.

परत घ्यायला शेठ तयार नव्हते. “वापरलेलं आहे.” मी म्हटलं, वापरल्याशिवाय कळणार कसं? लहान बार घ्या म्हणाले. लहान बारने ओझं कमी होईल, ताकद वाढणार नाही, आणि 55 सेंटिमीटरचा बुंधा दोन्ही बाजूंनी फिरून फिरून कापावा लागेल. बराच वेळ हुज्जत झाली. पोरगं मधे पडलं नसतं तर मी हात हलवत परत आलो असतो. त्याने शेठना सरळ सांगितलं, “मी स्वतः चालवलं, ओढत नाही.” मग फरक भरून 3.0 किलोवॅटचं बदली द्यायचं ठरलं. ते दुकानात नव्हतं, मागवावं लागणार होतं.

ते आलं तेव्हा मी पोचपावतीवर सही करायच्या आधी मागच्या अंगणात गेलो. ओंडका तिथेच पडलेला होता, उन्हात आणखी वाळलेला. पोराने मिश्रण लावून घेतलं, बार पूर्ण बुडवला आणि एका दमात आरपार काढला. शेठ दारात उभे होते. म्हणाले, “प्रत्येक गिऱ्हाइकाला असं लाकूड कापून दाखवायचं म्हटलं तर धंदा कधी करायचा?” मी सही केली आणि वॉरंटीच्या कार्डावर त्यांच्याकडून शिक्का मारून घेतला.